सोवळ्यातलं डुक्कर

तंजावरच्या त्या हॉस्पिटलात माझा भाऊ अण्णा आत डायलिसिसवर होता आणि बाहेर बाकावर आमचे वडील, अप्पा, माझं डोकं खात होते. डुकराची किडनी माणसाला बसवतात, पण तिच्यातून विषाणू येण्याची भीती असते, असं त्यांनी तमिळ पेपरात वाचलं होतं.

"मग त्या डुकराला जन्मापासून सोवळ्यात वाढवायचं," हॉस्पिटलातलं पाणीही न पिणारे अप्पा म्हणाले. "काचेच्या खोलीत ठेवायचं, उकळलेलं पाणी द्यायचं. विषाणू येईल कुठून?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एरवी हसले असते, पण त्या सकाळी माझा तोल गेला.

"बाहेरून येतच नाही तो, अप्पा! डुकराच्या गुणसूत्रांतच बसलाय. आईबापांकडून पिलात येतो. कितीही धुवा, जाणार नाही!"

"मग उपाय?"

"पेशीतच तो निकामी करतात आणि त्या पेशीपासून पिलू जन्माला घालतात."

अण्णाचा आजार, किडन्यांत पाण्याच्या गाठी होण्याचा, अप्पांकडूनच वारशाने आला होता. त्यांच्या स्वतःच्या किडन्या मात्र अजून तग धरून होत्या. अण्णाला मी माझी एक देणार होते. पण माझ्याही किडन्यांत त्याच पाण्याच्या गाठी आहेत, असं डॉक्टरांनी नुकतंच मला सांगितलं होतं. अप्पांना मी ते कळू दिलं नव्हतं.

अप्पा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"म्हणजे तुलाही दिलं मी," ते म्हणाले.