हमीदा नासीर, वय एकोणतीस

हमीदा सावद्याची. इथेच जन्मली, इथल्या केळीवर वाढली, आणि तरी सरकारदरबारी परदेशी. चौसष्ट साली सोळाव्या वर्षी तिला कराचीत दिली, एवढाच काय तो तिचा गुन्हा. नवरा वारल्यावर, शहाऐंशी साली, पाकिस्तानी पासपोर्ट घेऊन ती भाऊ नासीरच्या दारात उतरली ती कायमचीच. मूलबाळ नव्हतं. मरेन ती सावद्यात, हे एकच मागणं तिला उरलं होतं.

नासीर पिंजारी, गाद्या भरायचा. बहिणीला पाहून तो हरखला. त्याची बायको जमीला मात्र दाराआडून टक लावून बघत राहिली. पासष्टच्या लढाईत पत्रं बंद झाली होती आणि कुणीतरी हमीदा गेल्याची खबर आणली होती. घरात फातिहा झाला, चाळिसावा झाला. पुढच्या वर्षी जमीलाला मुलगी झाली, तेव्हा मेलेल्या आत्याचं नाव तिला ठेवलं. ती मुलगी सातव्या वर्षी तापाने गेली.

रेशनकार्डावरून तिचं नाव जमीलाने काही काढू दिलं नाही. कार्ड बदलत गेलं, तसं पोरीचं वय वाढत गेलं. पुढे मतदारयादी करणारे मास्तर आले आणि कार्ड बघून सगळी नावं उतरवून घेऊन गेले. कब्रस्तानात निजलेली पोर यादीत बसली.

हमीदा दरवर्षी जळगावला पोलीस कचेरीत जाऊन राहण्याची मुदत वाढवून आणी. पंच्याण्णव साली ती वाढली नाही. महिनाअखेर देश सोडावा, असा कागद हातात पडला. त्याच आठवड्यात गावच्या शाळेत फोटोची ओळखपत्रं काढायला माणसं आली.

जमीला यादीतली चिठ्ठी घेऊन तिच्यापुढे बसली. नऊ वर्षांत दोघींचं बोलणं कामापुरतंच.

"नाम तो है इसमें," जमीला म्हणाली. "सिर्फ सूरत नहीं है."

हमीदाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून कापूस पिंजत राहिला.

जमीलाने तिचे केस काळे केले, डोळ्यांत सुरमा घातला, दोन वेण्या घातल्या. एकोणतिसाव्या वर्षी दोन वेण्या कोण घालतं, असं हमीदा म्हणाली, तर तिने त्या आणखीच घट्ट ओढल्या. शाळेत नाव पुकारलं गेलं. कारकुनाने एकदा वय पाहिलं, एकदा तोंड पाहिलं. गर्दी फार होती. फोटो निघाला.

कार्ड आलं. वडिलांच्या नावापुढे भावाचं नाव होतं. हमीदाला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पासपोर्ट चुलीत गेला. त्या दिवसापासून मात्र जमीला तिला दूध-पोळी कुस्करून द्यायला लागली, आणि भाभी म्हणून हाक मारली तर ओ देईनाशी झाली.

मुदत उलटल्यावर भरदुपारी झुलाल हवालदार आला. हा साक्रीकडचा, नवीनच बदलून आलेला.

"पाकिस्तानवाली हमीदा कोठे शे?" त्याने दारातल्या हमीदालाच विचारलं.

मागून जमीलाने शांतपणे सांगितलं, "वो मर गई."

हवालदाराने हमीदाला न्याहाळलं. "अन् तू कोण शे, माय?"

खरं सांगितलं तर पुन्हा कराची, पुन्हा ते परक्याचं घर. हमीदाने कार्ड पुढे केलं. "मैं इनकी बेटी."

त्याला कबर बघायची होती. नासीर त्याला घेऊन कब्रस्तानात गेला. बायका आत जात नाहीत, म्हणून या दोघी कुंपणापाशी उभ्या राहिल्या. दगडावर नाव होतं, नुसतं हमीदा. हवालदार तिथेच थबकला.

"कब्र धाकली शे," तो म्हणाला.

"बहुत बीमार थी," जमीला कुंपणावरून म्हणाली. "सूख के इतनीसी हो गई थी."

नासीर रडायला लागला. ते रडणं खरं होतं. हवालदाराने टोपी काढली, वहीत तारीख घालून मयत लिहिलं आणि तो निघून गेला.

हमीदाला सावद्याची माती मिळाली होती. ती दगडाकडे बघत राहिली; तिच्या मरणाला आता जागा होती, तारीख होती. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी इथे उभी आहे. पण कुणाला सांगणार?

जमीलाने तिचं बोट धरलं, लहान पोरीचं धरावं तसं.

"चल," ती म्हणाली. "धूप में मत खड़ी रह. फिर ताप आएगा."