अंबादासने राईड सोडली नव्हती

अंबादास हिवराळे मुलुंडमधल्या सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. मूळचा जालन्याकडचा, वय सत्तेचाळीस. पगारातून वाचवून त्याने गिअरची सायकल घेतली, तेव्हा बायको सपना म्हणाली होती, "दिवसभर माणसं वरखाली नेता, आता स्वतः आडवं जायचंय होय?" तो नुसता हसला. पण दोन वर्षांत त्याने शंभर-शंभर किलोमीटरच्या तीन राईड पुऱ्या केल्या.

हर्षद आणि सुशांत राहायचे शेजारच्या इमारतीत. हर्षदला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा अंबादासनेच त्याला सायकलवर बसवलं. रोज पहाटे पाचला त्याचं दार वाजवायचं, तो कुरकुरला की "चल रे, ऐरोलीपर्यंत तरी," म्हणत ओढून न्यायचं. सात-आठ महिन्यांत हर्षदची शुगर ताब्यात आली. सुशांत मागून आला, हर्षदचा दोस्त म्हणून.

जानेवारीत दोनशे किलोमीटरच्या राईडला तिघांनी नाव घातलं. मुलुंड ते इगतपुरी आणि परत, साडेतेरा तासांत. वाटेत ठरलेल्या ठिकाणी वेळेच्या आत कार्डावर शिक्का घ्यायचा. आदल्या दिवशी हर्षद म्हणाला, "तिघं निघू, तिघं पोहोचू. कोणी कोणाला सोडायचं नाही."

सकाळी सहाला निघाले. पडघा, शहापूर झकास गेलं. कसाऱ्याच्या घाटात अर्ध्या चढावर सुशांतची चेन तुटली.

"वाट लागली यार," सुशांत रस्त्याकडेला मटकन बसला. "तुम्ही जा."

"जा काय? बस गप," अंबादास म्हणाला. जवळ जादा कडी होती, पण पिन अडकून बसली होती. ट्रक कानाशी घोंगावत जात होते. पस्तीस मिनिटं खपून त्याने चेन जोडली. कोपरापर्यंत हात काळे झाले.

इगतपुरीला पोहोचले तेव्हा शिक्क्याचं ठाणं बंद व्हायला बाराच मिनिटं उरली होती. त्या दोघांना आधी शिक्के घेऊ दिले, मग आपला घेऊन अंबादास हात धुवायला नळावर गेला.

परतताना घाट उतरून खर्डीच्या जवळ आले आणि अंबादासच्या पोटरीत गोळा आला. सायकलवरून उतरताना तो कळवळला.

हर्षदने घड्याळ पाहिलं. "असं कर, तू पाय मोकळा करून ये. आम्ही शहापूरला थांबतो. तिथे सांगतो तू येतोयस म्हणून."

"सांग नक्की," अंबादास म्हणाला. "ठाणं पावणेचारपर्यंत आहे. पोहोचतो मी."

मीठ-साखरेचं पाणी पीत, पोटरी चोळत तो अर्धा-पाऊण तास बसला. मग एका पायावर जोर देत निघाला. शहापूरला ज्या हायवेवरच्या हॉटेलाशी ठाणं होतं तिथे पोहोचला तेव्हा तीन बत्तीस झाले होते. शिक्क्याचं टेबल नव्हतं, बॅनर नव्हता. हर्षद-सुशांतही नव्हते.

"गेले की सगळे, आताच," हॉटेलवाला म्हणाला. "शेवटचा माणूस येणार नाही म्हणाले."

अंबादासने राईडच्या नंबरवर फोन लावला. अपूर्वा नावाची मुलगी बोलली. "दादा, तुम्ही सोडलीत ना? तुमचे मित्र म्हणाले, टेम्पोने घरी गेलात. म्हणून आम्ही आवरलं."

टेम्पो? अंबादास एवढंच म्हणाला, "नाही ताई. मी इथे उभा आहे."

ती ओशाळली. हॉटेलच्या पाटीजवळ फोटो काढून पाठवा, म्हणाली, तो शिक्क्याच्या जागी धरू.

पुढचे पंचावन्न किलोमीटर त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. पाय दुखत होता, पण दुखणं तिथे नव्हतंच. दर चढावर एकच विचार येई: विसरले असतील. मग टेम्पो आठवे. विसरणारा माणूस टेम्पो रचून सांगत नाही.

सात वीसला तो पोहोचला, दहा मिनिटं राखून. अपूर्वाने पदक दिलं, दोनदा माफी मागितली. हर्षद आणि सुशांत केव्हाच घरी गेले होते. ग्रुपवर दोघांचा पदकासह फोटो होता. खाली हर्षदने लिहिलं होतं, 'करून दाखवलं!'

पुढच्या आठवड्यात सुशांत त्याला लिफ्टच्या मशीन रूममध्ये येऊन भेटला. खाली मान घालून म्हणाला, "तुला मागे टाकून निघायचं, हे इगतपुरीलाच ठरलं होतं रे. तू नळावर होतास ना. हर्षद म्हणाला, ह्याच्या नादाने आपलीपण राईड जाईल. शहापूरला शिक्के मारणारी मुलं म्हणाली, मित्र येईपर्यंत थांबा, एकट्याला सोडू नका. म्हणून त्याने टेम्पोचं सांगितलं."

"उशीर कोणाच्या चेनमुळे झाला होता, सुशांत?"

"माझ्या."

"आणि तू तिथे उभा होतास?"

"होतो."

अंबादास पुन्हा पान्याकडे वळला.

हर्षद रविवारी घरी आला, मिठाई घेऊन. "सोड ना यार. तू पण पूर्ण केलीसच की!"

"थांबला नाहीस त्याचं काही नाही," अंबादास म्हणाला. "दमलेला माणूस पुढे जातो. पण मी सोडली असं तू कशाला सांगितलंस? मी येतोय हे तुला माहीत होतं."

हर्षदने सपनाकडे पाहिलं, ती काही मधे बोलेल म्हणून. ती म्हणाली, "भाऊजी, केसाने गळा कापलात. मिठाई घेऊन जा."

अंबादास अजून पहाटे पाचला निघतो. शेजारच्या इमारतीवरून जात नाही, लांबचं वळण घेतो. मध्ये अपूर्वाने फोन केला, पुढच्या राईडला नाव घालणार का, कोणाबरोबर येणार. घालतो, तो म्हणाला, आणि एकटाच येतो.