नाकागोमींची रेषा

जपानमधल्या कोफूच्या संशोधन केंद्रात नाकागोमी तेत्सुओंनी चौतीस वर्षं एकच काम केलं. फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन आणि दुसरीकडून हवा सोडली की वीज मिळते, पाणी पडतं. जितकी जास्त वीज ओढावी तितकं व्होल्टेज उतरतं. ते किती उतरेल हे सेल बनवण्याआधीच गणिताने सांगायचं. त्यांच्या समीकरणांतून निघणाऱ्या त्या उतरत्या रेषेला सगळे नाकागोमींची रेषाच म्हणत. नवा सेल रेषेच्या वर गेला तर कारखान्याकडे, खाली राहिला तर कपाटात.

अलीकडे मात्र कामावर येणं त्यांच्या जिवावर यायचं. स्टेशनवरून चालत येताना समोर फुजी पर्वत लख्ख दिसला तरी मान वर होत नसे.

"अहो, साठी उलटली," त्यांची बायको किनुए डबा भरताना करवादायची. "मुदतवाढ मागायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"रेषा कोण सांभाळणार?" ते म्हणत. हे अर्धंच खरं होतं.

तरुणपणी त्यांचं गणित मोजणीपेक्षा सहा टक्के कमी यायचं. यंत्रावर संशय घ्यायची गणितवाल्या मंडळींना सवय नाही. संशय आधी स्वतःवर. त्यांनी समीकरणात दुरुस्तीचा एक आकडा घातला आणि रेषा मोजणीवर चपखल बसली. केवढं कौतुक झालं! पुढे, आठ वर्षांपूर्वी, ते जुनं चाचणी-यंत्र भंगारात निघालं तेव्हा त्यांनी सहज त्याचा मीटर तपासला. मीटरच सहा टक्के जास्त दाखवत होता. तोवर त्या आकड्यावर तीन मोठे अहवाल उभे होते. त्यांनी तोंडात गुळणी धरली. तेव्हापासून हाताखालच्या पोरांचा जवळजवळ प्रत्येक सेल रेषेच्या जरासा खाली राही, आणि नाकागोमी चहाच्या पेल्यात बघत बसत. पापच होतं ते, त्याला दुसरा शब्द नाही.

या गुरुवारच्या बैठकीत पाळी अमेमियाची होती. ही तरुण संशोधक चार वर्षं एका सेलमागे राबत होती. पडद्यावर तिचे ठिपके उमटले, रेषेच्या जेमतेम खाली, एकाला एक लागून.

"थोडक्यात हुकलं," विभागप्रमुख होसाका म्हणाला. त्याला नाकागोमींनीच हाताखाली घडवलं होतं. "ठेवून देऊ कपाटात. अमेमिया, तुझं काही म्हणणं?"

"नाही. मीच कमी पडले."

नाकागोमी उठले. गुडघे दुखत होते, आणि आता लपवायचासुद्धा कंटाळा आला होता.

"ती कमी पडलेली नाही. रेषा खोटी आहे. जुना मीटर जास्त दाखवायचा. मला आठ वर्षांपासून ठाऊक होतं." ते कमरेत पुरते वाकले. "माफ करा."

कोणी दचकलं नाही. कुठला मीटर, किती जास्त, हे कोणी विचारलंही नाही. शेजारच्याने नुसता कागद सारखा केला. वाकलेले असतानाच नाकागोमींच्या ते लक्षात आलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाकागोमी सान, बसा ना आधी," अमेमिया पुटपुटली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. मी हिशेब जुळवून पाहत होते तेव्हा सापडलं. सहा टक्के. होसाका सान म्हणाले, तुम्ही निवृत्त होईपर्यंत थांबू. मग तुम्ही मुदतवाढ घेतलीत."

"म्हणजे माझ्यासाठी तीन वर्षं पोरांचे सेल कपाटात?"

"छे, छे!" होसाका घाईने म्हणाला. "तसं कसं करू? आमची दुसरी रेषा आहे, दुरुस्त केलेली. खरे निर्णय सोमवारी होतात, तिच्यावरून. अमेमियाचा सेल गेल्या नोव्हेंबरातच कारखान्यात गेला."

नाकागोमींनी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाभोवतीच्या सात खाली घातलेल्या मानांकडे.

"मग ही गुरुवारची बैठक कशासाठी, होसाका?"

होसाकाने समोरचे कागद गोळा केले. मग तो अगदी आदराने म्हणाला, "तुम्ही येता, म्हणून."