येते की जाते
लग्न करून मराठी घरात आलेली सेल्वी माझ्याकडे मराठी शिकते. काल वर्गातल्या कॉम्प्युटरवर तिनं लिहिलं, "निघताना मी सासूबाईंना म्हणाले, येते हं." मला भरून आलं. निरोप घेताना आपण 'जाते' म्हणत नाही, हे तिला मी न शिकवता उमगलं होतं.
तेवढ्यात चुका सुधारणाऱ्या त्या यंत्रानं 'येते'खाली लाल रेघ ओढली आणि 'जाते' सुचवलं. तिनं निमूट बटण दाबलं.
"अगं, तुझंच बरोबर होतं!"
"मॅडम, त्याला जास्त कळतं."
मेल्याला व्याकरण कळत असेल, उंबरठा कुठे माहीत आहे? त्याची वाट बघत कोण दारात उभं राहणार आहे?
तास संपला. सेल्वीनं पर्स उचलली आणि दारातून हसून म्हणाली, "मॅडम, जाते हं."