दुरुस्तीवाले भाऊ

स्वतःच्या चुका इतक्या आनंदाने, इतक्या तपशीलवार आणि समोरच्याला अजिबात नको असताना कबूल करणारा माणूस आमच्या भाऊंखेरीज या भूतलावर दुसरा झाला असेल, यावर माझा विश्वास नाही. भाऊ म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे, माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे सहकारी. नाशकात द्वारका चौकात एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि आम्ही लोकांना वेबसाइट करून द्यायचो. 'वेबसाइट करतो' म्हटलं की पाहुणे 'म्हणजे सायबर कॅफे का?' असं विचारायचे, त्या काळातली ही गोष्ट. भाऊंनी एकदा रिक्षावाल्याला चुकून डावीकडे वळायला सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी त्याला स्टँडवर शोधून काढून 'परवा उजवीकडे वळायला हवं होतं बरं का' असं सांगून आले. आपल्या मावशींना ते 'बारशाला साठ माणसं होती' असं म्हणाले होते. घरी जाऊन एकेक चेहरा आठवून मोजला तर चोपन्नच भरले, म्हणून पोस्टकार्ड टाकलं. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्याच्या वेबसाइटवर सोनाका द्राक्षांच्या फोटोखाली 'थॉमसन' हे दुसऱ्याच जातीचं नाव लिहिलं गेलं होतं. ते ध्यानात आल्यावर भाऊंनी जेवणाचा डबा अर्धवट टाकून त्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अहो साहेब, ती द्राक्षं कवाच विकली गेली. लोकांनी खाल्ली बी. आता काय नाव बदलता?" भाऊ म्हणाले, "तरी पण."

अशा माणसाला घेऊन आम्ही पॉडकास्ट सुरू केला, यातच आमचं धाडस दिसतं. त्याला कारण भारनियमन. दर बुधवारी दुपारी वीज जायची, संगणक बंद पडायचे, पंखे थांबायचे आणि बॅटरीवर चालणारा एकच लॅपटॉप तेवढा जिवंत राहायचा. आमची डिझायनर एकदा म्हणाली, "नाहीतरी गप्पाच मारतोय, तर रेकॉर्ड करू ना. इंटरनेटवर टाकू." झालं. मी, ती आणि भाऊ असे तिघं एका माईकभोवती बसून वेबसाइट कशा बनतात, यावर मराठीत गप्पा मारू लागलो. गिऱ्हाइकाला सगळं पान लाल का हवं असतं, पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन का उमटतात, असे आमचे विषय. मधेमधे द्वारकेचे ट्रक आपल्या हॉर्नने मतप्रदर्शन करायचे. श्रोते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आले असते, आणि त्यातली तीन बोटं आमच्याच घरची.

पहिल्या भागात भाऊ म्हणाले की वेबसाइटवरचा मोठा फोटो पंधरा सेकंदांत दिसायला हवा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच त्यांनी घसा साफ केला. "दुरुस्ती. घरी घड्याळ लावून पाहिलं. बावीस सेकंद लागतात." आम्ही हसलो. तिसऱ्या भागात पुन्हा घसा साफ. "दुरुस्ती. ते घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. त्याने सेकंदांत फरक पडत नाही, पण श्रोत्यांना अंधारात ठेवणं बरोबर नाही." चौथ्या भागात तिसऱ्या भागातल्या दुरुस्तीची दुरुस्ती आली. आठव्या भागापर्यंत अशी अवस्था झाली की वीस मिनिटांतली चौदा मिनिटं मागच्या चुका निस्तरण्यात जात आणि उरलेल्या सहांत आम्ही नव्या चुका करत असू. मी वैतागलो होतो. पण ज्या दोन-चार लोकांनी मेल पाठवले, त्या सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: बाकीचं ठीक आहे, दुरुस्ती मात्र बंद करू नका. मला राग आला आणि भाऊंचा हेवाही वाटला, हे कबूल करतो.

साऱ्या जगाला दुरुस्त्या वाटत फिरणारा हा माणूस एका ठिकाणी मात्र गप्प होता. ते मला कळलं ते एसटीत. गिऱ्हाइकांकडे पिंपळगावावरून जाताना. स्टँड जवळ आला की भाऊ मान वळवून उलट्या बाजूच्या खिडकीतून पाहू लागायचे. तिसऱ्यांदा मी विचारलंच. तेव्हा त्यांनी सांगितलं.

आमच्याकडे येण्याआधी भाऊंचा स्वतःचा धंदा होता, एका मित्राच्या भागीदारीत. एक खोली, दोन संगणक. येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानाची वेबसाइट त्यांनी केली होती. ऐन दिवाळीच्या तोंडावर भाऊंनी एका कांदा व्यापाऱ्याची पानं सर्व्हरवर चढवली, ती चुकून पैठणीच्या जागेवर. दुकानदाराने कौतुकाने पाहुण्यांना वेबसाइट दाखवायला घेतली, तर मोराच्या पदराच्या जागी कांद्याच्या गोण्या. तो तडक एसटी पकडून नाशकात आला. भाऊ तेव्हा चहा आणायला खाली गेले होते. वर आले तर दुकानदार भागीदाराला वाट्टेल ते बोलत होता आणि भागीदार मान खाली घालून ऐकत होता. भाऊ दारात उभे राहिले, दोन्ही हातांत चहाचे ग्लास, आणि 'चूक माझी आहे' हे तीन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. दुकानदार गेला. भागीदाराने चहा घेतला. महिन्याभराने त्याने भागीदारी मोडली आणि पिंपळगावला कॉम्प्युटरचा क्लास काढला. त्याला सहा वर्षं झाली होती. "रोज ठरवतो, सांगायचं म्हणून," भाऊ म्हणाले. "पण ते नाही निघत हो तोंडातून."

अकराव्या भागात भाऊंनी नेहमीसारखा घसा साफ केला. "दुरुस्ती. मागच्या भागाची नाही, सहा वर्षांपूर्वीची." आणि त्यांनी सगळं सांगितलं, पैठणी, कांदे, चहाचे ग्लास, सगळं. ऊठसूट हसणारी आमची डिझायनर खाली बघत बसली. रेकॉर्डिंग थांबल्यावर मी विचारलं, "भाऊ, हे टाकायचं?" ते म्हणाले, "टाका. तो काही ऐकत नसणार."

म्हणून तर मी त्या भागाची सीडी काढली आणि भाऊंना न सांगता पिंपळगावला गेलो. क्लास सुरू होता. भागीदार म्हणजे जाड मिशांचा, शांत माणूस. मी कोण, कुठून आलो ते सांगितलं आणि सीडी पुढे केली. "ठेवा तिथं," तो म्हणाला आणि फळ्याकडे वळला. पुढचे आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आपण नको तिथे नाक खुपसलं, असं वाटत राहिलं.

बुधवारी वीज गेली, आम्ही माईक मांडला, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भागीदार. भाऊ ताडकन उठले आणि पुन्हा बसले. भागीदाराने खुर्ची ओढली. "चालू हाय का हे?" मी मान डोलावली. त्याने भाऊंसारखाच घसा साफ केला.

"दुरुस्ती," तो म्हणाला. "भाऊ सांगतो, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. चूक हाय ते. मी हसू दाबत होतो. पैठणीच्या जागी कांदे म्हणजे... लय हसू येत होतं राव. वर बघितलं असतं तर मेलोच असतो."

भाऊंचं तोंड उघडंच राहिलं. "तुला माहीत होतं, मी केलं ते?"

"फाइल कोणी चढवली, ते सर्व्हरवर लिहिलेलं असतंय. मला काय वाचता येत नाय का?"

"मग भागीदारी का मोडलीस?"

भागीदार माईक सोडून भाऊंकडे वळला. "तू सांगशील म्हणून महिनाभर थांबलो. चुकीचा राग नव्हता रे. तू मला सांगायला घाबरलास, त्याचा होता."

भाऊ रडत होते आणि हसतही होते. मग त्या वर्षीची दिवाळी मंगळवारी होती की बुधवारी यावरून दोघांची जुंपली, ती लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत. तो भाग मी एका अक्षरानेही कापला नाही. आमच्या सगळ्या भागांत खरा चांगला तोच.

दोन महिन्यांनी भाऊंनी नोकरी सोडली आणि पिंपळगावच्या क्लासात मित्रासोबत शिकवू लागले. जाताना ते इतके खुशीत होते की त्यांना 'राहा' म्हणणं पाप ठरलं असतं. मी आणि डिझायनर आणखी चार भाग रेटले. मग तीही पुण्याला गेली. शेवटचा भाग मी एकट्यानेच केला, खिडकीशी बसून, ट्रकांच्या साथीने. त्यात मी श्रोत्यांना सांगून बसलो की भाऊ थोड्याच दिवसांत परत येतील आणि आपण पुन्हा बुधवारी भेटू.

त्याची दुरुस्ती करायला मला अजून जमलेलं नाही.