शरयूताईंचं पाणी

शरयूताई पागे वाईट बातमी घेऊन गेल्या, की त्या घरचं पाणी पीत नसत. आमच्या परदेशी वृत्तसंस्थेत माळव्यातल्या माणसांचं सगळं त्यांच्याकडे असे: नेमणुका, रजा, भांडणं, आणि कुणाला काढायचं झालं तर तेही. दिल्लीचे साहेब म्हणत, फोनवर उरका. ताई देवासहून बस पकडून जात. "पोटावर पाय द्यायचा तर समोर उभं राहून द्यावा, भिया. फोनवर काय, कुणीही शूर असतं. आणि रडवायचं त्यांनाच, वर पाणीही त्यांचंच प्यायचं?"

त्यामुळे आम्हा बातमीदारांचा जीव त्या ग्लासात अडकलेला. कन्नौदच्या एकानं तर ग्लास तसाच राहिलेला बघून, ताईंनी तोंड उघडायच्या आत संस्थेचा कॅमेरा आणून पुढ्यात ठेवला. ताई आमच्याकडे आल्या की माझी आई पाणी देऊन श्वास रोखून बघत राही. मी तिला हसायचो, पण बघायचो मीही.

मनावर गावचा दिलीप आमच्या बातम्यांचे फोटो काढायचा. एका मे महिन्यात, कामावर निघालेला असताना, तिरल्याजवळ ट्रकनं त्याला उडवलं. घरी फक्त अपघाताचं कळलं होतं. धारच्या इस्पितळात तो वारला, हे सांगायला ताई आणि मी जीपनं निघालो. गरम वाऱ्याची लू अशी, की पोचेपर्यंत ताईंना भोवळ येत होती. दिलीपच्या आईनं हातात पाणी दिलं आणि ताईंनी ते घटाघटा पिऊन टाकलं.

"अगं, ताई पाणी प्यायल्या! लडका ठीक है!" दिलीपचे वडील ओरडले. आई देवापुढे दिवा लावायला धावली. ताई रिकामा ग्लास धरून उभ्या. दिवा लागल्यावर ताईंना ते सांगावं लागलं. त्याहून क्रूर काही मी पाहिलेलं नाही.

संस्था म्हणाली, दिलीप फोटोमागे पैसे घेणारा, आमचा माणूस नव्हे. "आमच्या कामावर मेला, आणि माणूस आमचा नाही?" त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी म्हणून ताई वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. निवृत्तीनंतर, कर्करोगानं अंथरुणाला खिळल्यावरही मला एकच विचारत, "दिलीपचं काय झालं?"

दिल्लीचा शेवटचा नकार मला कळला, तेव्हा भर दुपारी देवासला त्यांच्या घरी गेलो. भाचीनं पाणी ठेवलं. माझा हात पुढे होईना. ताईंनी ग्लासाकडे बघितलं.

"नाही म्हणाले ना?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले.

"पाणी पी, भिया. उन्हातून आलायस. तहानेचा काय दोष?"

दिलीपच्या घरच्या त्या पाण्यासाठी स्वतःला त्यांनी ही सूट कधीच दिली नव्हती. मी ग्लास उचलला, आणि तसाच परत खाली ठेवला.