सातव्या चौकटीतली रेघ

डोंगरावरच्या संशोधन केंद्रात त्यांना सगळे चौकटताई म्हणत. झाडांची रांग संपते त्याच्याही वर, उघड्या उतारावर, मीटरभर लांबीरुंदीच्या वीस चौकटी आखलेल्या होत्या. दर उन्हाळ्यात गुडघे टेकून त्यांतलं रोपन् रोप मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्याच चौकटी, त्याच ताई. गुडघे तेवढे पहिल्यासारखे राहिले नव्हते.

जाऊबाई दरवर्षी विचारत, "मागल्या वर्षी मोजलीस ना? पळून जातात की काय रोपं?"

"जातात ना. वर्षागणिक थंडी कमी होत गेली की डोंगरावर वर वर सरकतात."

जाऊबाईंना ती थट्टाच वाटे.

यंदा उन्हाळा सरत आला तरी सातव्या चौकटीवरचा बर्फ हटला नाही. ताईंनी वहीत रेघ ओढली. शून्य म्हणजे बघितलं, काही नव्हतं; रेघ म्हणजे बघताच आलं नाही. पण नव्या साहेबांनी सगळं संगणकावर आणलं होतं, आणि संगणक रेघ घेईना. रकाना लाल होई आणि फॉर्म तिथेच अडून बसे.

"शून्य टाका ताई," साहेब वैतागून म्हणाले. "सातव्या चौकटीत गेली अठरा वर्षं शून्यच आहे. आज संध्याकाळपर्यंत फॉर्म गेला नाही तर अख्खं वर्ष बाद."

"अठरा वेळा जाऊन बघितलं, म्हणून शून्य आहे. यंदा कुणी बघितलंय?"

"मग या मशिनला काय सांगू?"

"ते मशिनलाच विचारा."

दुपारी घरी जेवताना नवरा म्हणाला, "एका शून्यासाठी एवढं रामायण? वर कोण बघायला जाणार आहे, अगं?"

"कुणी जाणार नाही, म्हणूनच तर."

ताट तसंच ठेवून त्या पुन्हा चढल्या, वाटभर साहेबांना, संगणकाला आणि स्वतःच्या गुडघ्यांना बोल लावत. बर्फ तसाच होता. काठी खुपसून पाहिली, टणक. सुजलेला गुडघा घेऊन त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "रेघच."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि शहरातल्या संगणकवाल्याला फोन लावला. अर्धा तास फोनवर नुसतं संगीत ऐकल्यावर तो भेटला. "एवढंच? आधी सांगायचं ना," म्हणत त्याने पाच मिनिटांत 'पाहता आलं नाही' असा नवा पर्याय घालून दिला. लाल रंग गेला, फॉर्म सुटला.

"चला," साहेब खुशीत म्हणाले, "आता जुन्या वर्षांचंही नीट लावून टाकू. तुमची अठरा शून्यं पक्की ना?"

ताई खुर्ची ओढून बसल्या.

"अकरा वर्षांपूर्वीचं काढा. तिथेही 'पाहता आलं नाही' टाका."

"का?"

"सासूबाई दवाखान्यात होत्या. मी बाकीच्या चौकटी उरकून परत फिरले आणि सगळ्यात वरच्या या सातवीत न जाताच शून्य लिहून टाकलं. असेल शून्यच, म्हटलं."

साहेब खुर्चीतच वळले. "आणि सकाळी मला एवढं झापलंत?"

"झापलं. आणि तेव्हापासून स्वतःचाच संताप होतोय."

साहेबांनी ते शून्य पुसलं. ओळ बरोबर आहे ना, हे ताईंनी चष्मा लावून तपासलं.

"आणखी कुठलं?"

"एवढंच," ताई म्हणाल्या. मग कुरकुरतच, "वह्या आणा सगळ्या. बघून सांगते."